कमी खर्चात घरच्या सबवूफरचा खोलीतला रिस्पॉन्स कसा मोजायचा

नवीन सबवूफर (म्हणजे फक्त खालचे, जाड सूर वाजवणारा स्पीकर, थोडक्यात सब) लावल्यावर बऱ्याच जणांची एकच तक्रार असते, एका गाण्यात बेस नुसता घुमतो, डोकं उठतं, आणि दुसऱ्या गाण्यात बेस गिटारचा एखादा सूर चक्क गायब होतो. मग सबचा व्हॉल्यूम जरा कमी, जरा जास्त, क्रॉसओव्हरचा (कोणत्या सुराच्या खालचा आवाज सब वाजवेल ते ठरवणारा) नॉब इकडून तिकडे, आणि शेवटी "सबच बेकार निघाला" असा निकाल लावून मोकळे. बहुतेक वेळा सब त्याचं काम नीट करत असतो. साधारण १०० हर्ट्झच्या खाली आपल्याला जे ऐकू येतं त्यात खोलीचा हात फार मोठा असतो, आणि खोली नेमकं काय करतेय हे नुसत्या कानाने शोधायला गेलं तर आयुष्य जाईल, मोजलं तर एका संध्याकाळी समोर दिसतं. कोणता सूर तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतो, त्यालाच रिस्पॉन्स म्हणतात.

आता लोक मोजत का नाहीत, तर त्यांना वाटतं की त्यासाठी महागडा माईक लागतो. मला इथे सगळ्यात जास्त जीव तोडून सांगायचंय ते हेच, की बेससाठी तसं नाहीये. स्वस्त माईकमध्ये जी चूक असते ती सावकाश, गुळगुळीत उताराची असते, म्हणजे ३० हर्ट्झला ४ डीबी कमी दाखवेल, २० ला ७ डीबी कमी दाखवेल असं काहीतरी. खोली जे करते ते एकदम खडबडीत असतं, ४३ हर्ट्झला १० डीबीचा उंचवटा आणि लगेच ५७ ला खोल खड्डा. हे दोन प्रकार ग्राफवर वेगळे ओळखू येतात. त्यात पुन्हा तोच माईक दोन जागी वापरून दोन्ही मापांची वजाबाकी केली तर माईकची चूक उडूनच जाते, ती युक्ती पुढे सविस्तर सांगतो.

आधी कागदावर थोडं गणित

माईक हातात घ्यायच्या आधी टेपने खोलीची लांबी, रुंदी, उंची मोजा. हवेत आवाजाचा वेग साधारण ३४३ मीटर प्रति सेकंद असतो, म्हणजे २० हर्ट्झची लाट १७ मीटरपेक्षा लांब आणि ८० हर्ट्झची साधारण सव्वाचार मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जेव्हा लाटेची बरोबर अर्धी लांबी बसते तेव्हा ती फ्रिक्वेन्सी खोलीत अडकून घुमायला लागते, याला रूम मोड म्हणतात. काढायची रीत सोपी, ३४३ ला अंतराच्या दुपटीने भागा. ५ मीटर अंतराला ३४ हर्ट्झ, ४ मीटरला ४३, ३ मीटरला ५७. मग त्याची दुप्पट, तिप्पट पण लिहून ठेवा, म्हणजे ५ मीटरसाठी ३४, ६९, १०३. कोपऱ्याकोपऱ्यातून फिरणारे तिरके मोडसुद्धा असतात पण ते सहसा कमजोर असतात, सुरुवातीला त्यांचा विचार नको.

पहिल्या मोडमध्ये दाब भिंतींपाशी सगळ्यात जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे ५ मीटर खोलीत सोफा बरोबर अडीच मीटरवर असेल तर ३४ हर्ट्झ तिथे पोचणारच नाही, सब कितीही ताकदीचा असू दे, आणि तिथेच ६९ हर्ट्झ मात्र जोरात ऐकू येईल कारण दुसऱ्या मोडचा दाब मध्यावर जास्त असतो. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर उलटं, सगळेच मोड फुगून ऐकू येतात. हे आकडे कागदावर असले की ग्राफमध्ये ४३ ला उंचवटा दिसल्यावर तुम्ही घाबरणार नाही, कागद बघून म्हणाल की हा तर चार मीटरवाला.

अजून एक आकडा लिहा. कानापासून मागच्या भिंतीचं अंतर चारने गुणा आणि ३४३ ला त्याने भागा. भिंत १ मीटर मागे असेल तर ८६ हर्ट्झ येतं, तिथे खड्डा पडतो, कारण भिंतीवरून परत येणारी लाट अर्ध्या फेऱ्याने उशिरा पोचते आणि मूळ लाटेला खाऊन टाकते. सबच्या मागच्या भिंतीलाही हाच हिशोब लागू आहे, पण सब सहसा भिंतीजवळ असतो म्हणून तो खड्डा खूप वर जातो आणि आपल्याला त्रास देत नाही.

माईक कोणता

तुमच्याकडे आधीपासून काय आहे यावर ठरवा.

यूएसबी मेजरमेंट माईक असेल तर सगळंच सोपं. मिनीडीएसपीचा यूमिक-१ हा यातला सगळ्यात ओळखीचा, त्याच्या सिरियल नंबरवरून त्याच माईकची कॅलिब्रेशन फाइल डाउनलोड करता येते आणि सॉफ्टवेअरमध्ये टाकली की डेसिबलचे आकडेसुद्धा आपोआप बरोबर यायला लागतात. असा माईक वर्षातून एकदोनदाच लागतो, त्यामुळे ओळखीत कोणाकडे असेल तर शनिवार-रविवारसाठी मागून आणा, विकत घ्यायलाच पाहिजे असं काही नाही.

घरात कोणी गाणं-बिणं रेकॉर्ड करत असेल आणि ऑडिओ इंटरफेस पडलेला असेल तर बेहरिंजर ईसीएम८००० सारखा एक्सएलआर माईक घेतला तरी काम झकास होतं, फक्त इंटरफेसवर ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माईकला केबलमधूनच मिळणारी वीज) चालू करायला विसरू नका. गाण्याचा माईक, म्हणजे हातात धरून गायचा, तो या कामाला नको, तो एकाच दिशेने ऐकणारा असतो आणि अशा माईकचा खालचा बेस अंतरानुसार बदलतो.

फोनला लावायचा डेटन ऑडिओचा आयएमएम-६ नावाचा छोटा माईक पण आहे, त्यालाही सिरियल नंबरवरून फाइल मिळते. तुमच्या फोनचा जॅक किंवा अडॅप्टर माईकचा सिग्नल आत घेतो का ते मात्र आधी बघा, काही अडॅप्टर फक्त हेडफोनपुरते असतात.

आणि काहीच नसेल तर फोनचा स्वतःचा माईक. तो बोलण्यासाठी बनवलेला असतो म्हणून बरेच फोन खालचा आवाज मुद्दाम कापतात आणि लेव्हलसुद्धा स्वतःच वरखाली करत बसतात. अॅपच्या सेटिंगमध्ये ऑटो गेन बंद करायचा किंवा प्रोसेसिंग न केलेला इनपुट निवडायचा पर्याय असेल तर तो घ्या. अशा माईकवरून "माझा सब २० हर्ट्झपर्यंत जातो की नाही" हे ठरवू नका, पण "सब या कोपऱ्यात बरा की त्या" हे अगदी बिनधास्त ठरवा.

लॅपटॉप असेल तर: आरईडब्ल्यू

रूम ईक्यू विझार्ड, सगळे त्याला आरईडब्ल्यू म्हणतात, जॉन मल्केही यांनी बनवलंय, फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. ते खालून वर सरकत जाणारा एक सूर वाजवतं, माईकमधून ऐकतं आणि त्यावरून पूर्ण रिस्पॉन्स काढतं. या पद्धतीचा, म्हणजे लॉगरिदमिक स्वीपचा, पाया इटालियन संशोधक अँजेलो फरीना यांनी २००० साली मांडला आणि तिचा मोठा फायदा असा की डिस्टॉर्शन वेगळं काढता येतं आणि खोलीतल्या बाकीच्या आवाजाचा त्रास कमी होतो.

जोडणी दोन प्रकारे होते. पहिली, लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून थेट सबच्या लाइन इनला. सबवरचा क्रॉसओव्हर नॉब पूर्ण वर किंवा एलएफई (हा फिल्टर टाळणारा) स्विच असेल तर तो चालू, नाहीतर तुम्ही खोली मोजण्याऐवजी सबचा फिल्टर मोजत बसाल. सबचा व्हॉल्यूम आधी तळाला आणा आणि मग हळूहळू वाढवा. गुंऽऽ असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच जातो.

दुसरी जोडणी रिसिव्हरमधून, ऑक्स किंवा एचडीएमआय. इथे स्पीकर "स्मॉल" ठेवा (म्हणजे त्यांचा बेस सबकडे जातो), क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवा, आणि फक्त सब मोजायचा असेल तर रिसिव्हर बंद करून मेन स्पीकरच्या वायरी काढून ठेवा. डायरेक्ट किंवा प्युअर डायरेक्ट मोडमध्ये बऱ्याच रिसिव्हरमध्ये सबकडे काही जातच नाही, त्यामुळे साधा स्टिरिओ मोड घ्या. ऑटो ईक्यू (ईक्यू म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीचा आवाज कमीजास्त करणारे फिल्टर), लाउडनेस, रात्रीचा मोड, बेस बूस्ट, सगळं बंद. लॅपटॉपमध्येसुद्धा साउंड सेटिंगमध्ये जाऊन एन्हान्समेंट आणि माईकचं नॉइज सप्रेशन बंद करा, नाहीतर स्वीपलाच नॉइज समजून ते दाबून टाकतं आणि ग्राफ असा विचित्र येतो की काही कळत नाही. सँपल रेट सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा, यूमिक-१ त्यावरच चालतो.

माईकची फाइल प्रेफरन्सेसमध्ये टाकली, इनपुट आउटपुट निवडलं, की मेजर बटण दाबायचं. सुरुवात १५ हर्ट्झ, शेवट २०० हर्ट्झ. सबला पोर्ट (पेटीतलं हवेचं भोक) असेल आणि सब छोटा असेल तर २० पासूनच सुरू करा, कारण पोर्टच्या ट्यूनिंगच्या, म्हणजे तो ज्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेला असतो तिच्या, खाली कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) आतल्या हवेचा आधार मिळत नाही आणि तो नको तितका पुढेमागे पळतो. स्वीपची लांबी २५६ के सँपल घेतली तर साधारण साडेपाच सेकंद लागतात, खोलीत आवाज जास्त असेल तर ५१२ के घ्या, लांबी दुप्पट केली की नॉइजच्या तुलनेत ३ डीबीचा फायदा होतो.

लेव्हल किती ठेवायची, तर बसायच्या जागी ७५ ते ८० डीबीच्या आसपास पुरे. सुरुवात नेहमी हळू आवाजाने. पंखा, एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन जे बंद करता येईल ते बंद करा, कारण यांची गुणगुण नेमकी बेसमध्येच असते. स्वीप न वाजवता माईकवर बघा की तळाचा नॉइज किती आहे, तुमचं माप त्याच्या निदान २०-३० डीबी वर पाहिजे. आणि स्वीप चालू असताना कान उघडे ठेवा, कपाटाचं दार, खिडकीची काच, भिंतीवरची फ्रेम, काय काय थरथरतं ते इथेच कळतं आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीला तेही कळतं. आधी ते गप्प करा, मग पुन्हा मोजा.

माईक कुठे धरायचा

हातात नाही. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड असेल तर त्यावर, नसेल तर झाडूच्या दांड्याला टेप लावून दांडा खुर्चीला बांधा, चालतं. माईक तिथेच पाहिजे जिथे डोकं असतं, कानाच्या उंचीवर, सोफ्याच्या पाठीला चिकटून नको. माईकचं तोंड वर की समोर यावर लोक खूप वाद घालतात पण बेसमध्ये लाटा मीटरांमध्ये असतात आणि माईकचं टोक काही मिलिमीटरचं, त्यामुळे २०० हर्ट्झच्या खाली काही फरक पडत नाही. तुम्ही स्वतः बाजूला बसा किंवा बाहेर जा.

एकच माप घेऊन थांबू नका. मुख्य जागी एक, मग डावीकडे उजवीकडे ३०-४० सेंटीमीटरवर एकेक, थोडं पुढे एक, आणि घरातले बाकीचे जिथे बसतात तिथे एकेक. प्रत्येक मापाला लगेच नाव द्या, "सोफा मध्य, सब डावा कोपरा" असं पूर्ण. नाव न दिलेले ग्राफ थोड्या वेळाने सगळे सारखेच दिसतात.

ग्राफ वाचायचा कसा

आधी स्केल नीट करा, आडवं १५ ते २०० हर्ट्झ आणि उभं साधारण ५० डीबी, म्हणजे ५० ते १०० वगैरे. उभं स्केल १५० डीबीचं ठेवलं तर कुठलाही ग्राफ सपाट दिसतो आणि १० डीबीचं ठेवलं तर चांगली खोलीसुद्धा भयानक दिसते. स्मूदिंग (ग्राफ गुळगुळीत करणं) बंद ठेवा, फार तर १/२४ ऑक्टेव्ह (ऑक्टेव्ह म्हणजे फ्रिक्वेन्सी दुप्पट होईपर्यंतचं अंतर). एक तृतीयांश ऑक्टेव्ह स्मूदिंगने अरुंद खड्डे दिसेनासे होतात, आणि आपण तर तेच शोधतोय.

पहिल्यांदा बघाल तेव्हा उंचवटा आणि खड्डा यात २० डीबीचा फरक दिसेल, घाबरू नका, काहीही उपाय न केलेल्या खोलीत हे नेहमीचं आहे. आता कागद काढा आणि जुळवा. जे उंचवटे कागदावरच्या आकड्यांजवळ आहेत ते मोड. जागा बदलून घेतलेल्या मापांमध्ये मोडची उंची कमीजास्त होईल पण फ्रिक्वेन्सी तिथल्या तिथेच राहील. जो खड्डा माईक हलवला की सरकतो तो परावर्तनाचा, म्हणजे बहुतेक मागच्या भिंतीचा.

खालच्या टोकाला उतार कसा आहे तोही बघा. बंद पेटीचा सब ट्यूनिंगखाली ऑक्टेव्हला १२ डीबीने उतरतो, पोर्टवाला २४ डीबीने. पण छोट्या बंद खोलीत सगळ्यात खालच्या मोडच्याही खाली खोली दाब वाढवून मदत करते, त्यामुळे छोट्या खोलीतला बंद पेटीचा सब कागदावरच्या आकड्यापेक्षा खूप खाली जाताना दिसतो. दारं उघडी असली की ही मदत कमी होते, म्हणून तुम्ही ऐकताना दार जसं ठेवता तसंच ठेवून मोजा.

५० किंवा ६० हर्ट्झला आणि त्याच्या पटीत सुईसारखे टोकदार काटे दिसले तर सब बंद करून नुसता नॉइज बघा, तेव्हाही असतील तर ती विजेची हम आहे, खोलीचा काही संबंध नाही.

मग वॉटरफॉल किंवा स्पेक्ट्रोग्राम उघडा. यात आवाज थांबल्यावर कोणती फ्रिक्वेन्सी किती वेळ रेंगाळते ते दिसतं. ज्या फ्रिक्वेन्सीला लांब शेपूट आहे तीच तुमच्या "घुमण्याची" फ्रिक्वेन्सी, आणि ती जवळजवळ नेहमी पहिल्या ग्राफमधला सगळ्यात उंच उंचवटा असते. मी तर म्हणेन की फक्त एकच ग्राफ बघायला वेळ असेल तरी हे दोन्ही बघा, कारण उंची आणि शेपूट दोन्ही मिळून कानाला त्रास देतात.

लॅपटॉप-माईक काहीच नाही, फक्त फोन किंवा मीटर आहे

मग एकेक सूर वाजवून मोजायचं. टोन जनरेटरचं फुकट अॅप दुसऱ्या फोनवर घ्या किंवा ऑडॅसिटीमध्ये सूर बनवून घ्या. फ्रिक्वेन्सी या: २०, २२, २५, २८, ३१.५, ३५, ४०, ४५, ५०, ५६, ६३, ७१, ८०, ९०, १००, ११२, १२५. मध्ये जिथे एकदम उडी दिसेल तिथे अजून जवळचे सूर घ्या, म्हणजे ४० ला ७८ आणि ४५ ला ६६ आलं तर ४१, ४२, ४३, ४४ पण मोजा. प्रत्येक सूर चारपाच सेकंद, आकडा स्थिर झाला की लिहा आणि बंद करा. शुद्ध सूर जोरात आणि बराच वेळ वाजवला तर सबची कॉइल तापते, त्यामुळे आवाज मध्यमच ठेवा. पोर्टवाल्या सबला इथेही अगदी तळाचे सूर देऊ नका.

मीटरवर वेटिंग (मीटर कोणती फ्रिक्वेन्सी किती कमी धरतो ते सेटिंग) सी ठेवा आणि स्लो. ए वेटिंग बेससाठी निरुपयोगी आहे, ते ३१.५ हर्ट्झला ३९ डीबीपेक्षा जास्त कापतं. सी पण थोडं कापतं, तेवढं परत मिळवायचं: २० हर्ट्झच्या आकड्यात ६.२ मिळवा, २५ ला ४.४, ३१.५ ला ३, ४० ला २, ५० ला १.३, ६३ ला ०.८, ८० ला ०.५, १०० ला ०.३. हे आकडे ठरलेले आहेत, कुठल्याही सी वेटिंगच्या मीटरला लागू. मीटरचा स्वतःचा माईक तळाला अजून कमी ऐकत असेल ती गोष्ट वेगळी, आणि त्यावर उपाय खाली आहे.

वजाबाकीची युक्ती

ऑडिओ इंजिनिअर डॉन कील यांनी १९७४ साली दाखवून दिलं की माईक कोनच्या अगदी जवळ नेला तर खोलीचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो आणि नुसता सब मोजता येतो. जवळ म्हणजे खरंच जवळ, कोनच्या त्रिज्येच्या साधारण दहाव्या भागाइतकं, १२ इंची सबला सव्वा ते दीड सेंटीमीटर. आता विचार करा, तोच फोन, तेच अॅप, तेच सूर, एकदा कोनजवळ धरून आणि एकदा सोफ्यावर ठेवून मोजले, तर दोन्ही आकड्यांमध्ये फोनची चूक सारखीच आहे, सबचा उतार पण सारखाच आहे. सोफ्याच्या आकड्यातून कोनजवळचा आकडा वजा केला की जे उरतं ती निव्वळ खोली. वेटिंगची दुरुस्ती पण करायची गरज नाही, ती पण उडून जाते. मला ही सगळ्या बजेट प्रकरणातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

पथ्यं काही आहेत. कोनजवळ आवाज प्रचंड असतो, तिथे सबचा व्हॉल्यूम खूप कमी करा नाहीतर फोनचा माईक गुदमरेल आणि आकडे एकाच जागी अडकतील. एका जागेचे सगळे सूर एकाच व्हॉल्यूमवर मोजा, दोन जागांचा व्हॉल्यूम वेगळा असला तरी चालतं, त्याने वजाबाकीत सगळीकडे सारखाच फरक पडतो, आकार तोच राहतो. कोन धक्का देत असतो तेव्हा फोन त्याला टेकू देऊ नका. पोर्टवाल्या सबमध्ये ट्यूनिंगजवळ कोन जवळजवळ थांबतो आणि सगळा आवाज पोर्टमधून येतो, म्हणून तिथला कोनजवळचा आकडा खोटा कमी येतो, त्या भागातली वजाबाकी धरू नका. आरईडब्ल्यू वापरत असाल तर हीच गोष्ट ऑल एसपीएलमध्ये ट्रेस अरिथमॅटिक वापरून एका मापाला दुसऱ्याने भागून मिळते.

सबची जागा शोधणे

मोजमापाचा खरा उपयोग इथे होतो आणि याला काही खर्च नाही. सब उचलून सोफ्यावर, डोक्याच्या जागी ठेवा, आणि माईक घेऊन खोलीत जिथे जिथे सब ठेवणं शक्य आहे तिथे जमिनीलगत एकेक माप घ्या. सब आणि कान यांची अदलाबदल केली तरी दोघांमधला रिस्पॉन्स तोच राहतो, म्हणून जिथला ग्राफ सगळ्यात सपाट तिथे सब ठेवायचा. जड सब दहा वेळा सरकवण्यापेक्षा हे किती सोपं आहे. सोफ्यावर ठेवताना खाली फळी ठेवा म्हणजे पडणार नाही.

कोपऱ्यात आवाज सगळ्यात जास्त मिळेल पण सगळे मोडही जोरात उठतील. भिंतीच्या मध्यावर ठेवला तर त्या भिंतीच्या दिशेचा पहिला मोड उठतच नाही. यात एकच उत्तर नाही, ग्राफ बघूनच ठरवा. निवडताना उंचवट्यांपेक्षा खड्ड्यांकडे जास्त लक्ष द्या, कारण उंचवटा नंतर कापता येतो, खड्डा भरता येत नाही. दोन सब असतील तर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवून नक्की मोजून बघा, हरमन या ऑडिओ कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली यावर अभ्यास केला होता आणि ही रचना वेगवेगळ्या सीटवरचा फरक कमी करणाऱ्यांपैकी निघाली.

मेन स्पीकरशी जुळवणं

जागा ठरली की मेन स्पीकर परत जोडा आणि दोन्ही एकत्र मोजा, आता स्वीप ३०० हर्ट्झपर्यंत न्या. क्रॉसओव्हरच्या आसपास, म्हणजे ८० ला, खड्डा पडला असेल तर सब आणि स्पीकर एकमेकांना कापतायत. फेजचा (सबची लाट उलटी करणारा) स्विच ० वरून १८० वर करून पुन्हा मोजा. इथे उलटं शोधणं सोपं पडतं, फेज किंवा रिसिव्हरमधलं सबचं अंतर बदलत जा आणि ८० ला खड्डा जास्तीत जास्त खोल कधी होतो ते शोधा, मग फक्त फेज उलटी करा, तिथेच दोघांची बेरीज सगळ्यात चांगली होते. रिसिव्हरमध्ये दाखवलेलं सबचं अंतर टेपच्या अंतरापेक्षा जास्त निघालं तर दचकू नका, सबच्या आतल्या फिल्टरमुळे उशीर होतो, तो धरून तो आकडा येतो.

शेवटी ईक्यू

आता उरलेले उंचवटे कापा. आरईडब्ल्यूच्या ईक्यू विंडोमध्ये रेंज २० ते १५० हर्ट्झ, बूस्ट शून्य, आणि मॅच रिस्पॉन्स केलं की ते फ्रिक्वेन्सी, क्यू (किती रुंद कापायचं) आणि गेनचे (किती डीबी कापायचं) आकडे देतं. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट आहे, त्यात हे फिल्टर थेट टाकता येतात, किंवा रिसिव्हरमध्ये किंवा डीएसपीमध्ये (असे फिल्टर लावणारी वेगळी पेटी) हाताने भरा. दोनतीन फिल्टरमध्ये काम झालं तर तिथेच थांबा. मोडचा उंचवटा बरोबर फ्रिक्वेन्सी आणि बरोबर रुंदीने कापला की त्याची शेपूट पण आखडते, वॉटरफॉल पुन्हा काढून ते तपासा.

खड्डा भरायला मात्र जाऊ नका. १५ डीबीचा खड्डा भरायचा म्हणजे अँपकडून त्या फ्रिक्वेन्सीला ३१ पटींहून जास्त पॉवर मागायची, आणि सीटवर तरीही काही येत नाही कारण मूळ लाट वाढली तशी तिला कापणारी लाटही तेवढीच वाढते. त्यावर उपाय सोफा किंवा सब हलवणं, ३०-४० सेंटीमीटरनेही कधीकधी चित्र बदलतं.

एकापेक्षा जास्त जण ऐकत असतील तर सगळ्या सीटच्या मापांची आरएमएस सरासरी काढून त्यावर ईक्यू करा, एका जागी काटेकोर सपाट केलेलं बाजूच्या सीटवर उलट जास्त बिघडतं. फिल्टर लावल्यावर सगळ्या सीट पुन्हा मोजा, आधीच्या ग्राफवर ठेवून बघा, आणि अगदी सपाट बेस कानाला पातळ वाटला तर सबची पूर्ण लेव्हल ३-४ डीबीने वाढवा, फिल्टरला हात न लावता.